लिनक्सवर येताय? आधी अक्षर, मग सजावट

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे ११ वर जाऊच शकत नाहीत. मुंबईत घरोघरी, सोसायट्यांच्या ऑफिसांत, शिकवणीवर्गांत असे लॅपटॉप पडून आहेत. त्यांचा कीबोर्ड चांगला असतो, पडदा चांगला असतो, फक्त सुरक्षा अपडेट बंद झालेले असतात. ते भंगारात देण्याआधी हा लेख वाचा.

मी घरचं सगळं काम लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत यंत्रणेवर करते आणि शेजारीपाजारी, नातेवाईक यांची यंत्रंही बदलून देते. त्यात एक गोष्ट वारंवार दिसली. लिनक्स बसवताना फारसं कोणी अडत नाही. माणूस अडतो तो दुसऱ्या दिवशी, मराठीत पत्र लिहायला बसल्यावर. अक्षरं बारीक दिसतात, रफार तुटलेला वाटतो, कळफलक सापडत नाही, आणि मग ‘आपलं विंडोजच बरं होतं’ म्हणून परत फिरतो. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ मात्र सुरुवातच थीम आणि वॉलपेपरपासून करतात. म्हणून इथला क्रम मुद्दाम वेगळा आहे: आधी काम, मग यंत्र, मग मराठी, आणि डेस्कटॉपची सजावट सगळ्यात शेवटी.

टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करायची गरज इथे कुठेही नाही. सगळं माउसने होतं.

१. आधी कामांची यादी करा

आठवडाभर एक कागद लॅपटॉपशेजारी ठेवा. जे जे काम कराल ते लिहा. सॉफ्टवेअरचं नाव लिहू नका, काम लिहा: ‘सोसायटीची नोटीस’, ‘मुलीचा प्रोजेक्ट’, ‘वीजबिल भरलं’. मग त्याचे तीन ढीग करा.

पहिला ढीग ब्राउझरमधल्या कामांचा. बँक, रेल्वेचं तिकीट, डिजिलॉकर, आपले सरकार, मेल, व्हॉट्सॲप वेब. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत, त्यामुळे इथे काहीच बदलत नाही.

दुसरा ढीग पर्याय असलेल्या कामांचा. वर्ड-एक्सेलसाठी लिबरऑफिस, फोटोशॉपसाठी गिम्प, कोरलड्रॉसाठी इंकस्केप, पेजमेकरसारख्या पानं लावण्याच्या कामासाठी स्क्रायबस. व्हीएलसी आणि झूम आहेत तसेच मिळतात.

तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा, कारण निर्णय त्यावर ठरतो. टॅली विंडोजसाठीच बनतं. ऑटोकॅडची लिनक्स आवृत्ती नाही. एक्सेलमध्ये मोठमोठे मॅक्रो लिहून ठेवले असतील तर ते लिबरऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील असं धरू नका. डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी साधन) लावून निविदा भरत असाल तर एक विंडोज यंत्र ठेवाच. वाइन नावाची सोय आहे, तिच्यावर विंडोजची बरीच सॉफ्टवेअर चालतात. पण पोटापाण्याचं काम तिच्या भरवशावर टाकू नका.

प्रिंटरचा मॉडेल नंबरही याच कागदावर लिहा. एचपीचे बहुतेक प्रिंटर केबल लावली की ओळखले जातात, कारण त्यांचे ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतात. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरचंही सहसा जमतं. कॅननचा एलबीपी २९०० हा जुना लेसर प्रिंटर आपल्याकडे छोट्या ऑफिसांतून खूप दिसतो. त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो लावणं नवख्याचं काम नाही. तुमच्याकडे तोच असेल तर छपाईची दुसरी सोय आधी बघा.

२. हाताशी काय काय हवं

- किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे.
- सगळ्या फाइलींची प्रत घ्यायला बाहेरची हार्ड डिस्क.
- बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की, कागदावर लिहून. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते. आपली डिस्क कुलूपबंद आहे हे अनेकांना माहीतही नसतं, आणि बूटच्या सेटिंग बदलल्या की विंडोज नेमकी तीच मागतं.
- वायफायचा पासवर्ड. तो विंडोजने लक्षात ठेवलेला असतो, आपण विसरलेलो असतो.
- ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, खात्यात सिंक केलेले किंवा फाइलमध्ये काढून ठेवलेले.
- फोनची डेटा केबल. नव्या यंत्रात वायफाय ओळखलं गेलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, लगेच इंटरनेट मिळतं. या एका केबलने अनेकांची संध्याकाळ वाचली आहे.
- चार्जर. बसवताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवू नका.

३. शक्य असेल तर एसएसडी नवी घ्या

माझा सगळ्यात ठाम सल्ला हा आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढा, जागी नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवा आणि लिनक्स त्या नव्या डिस्कवर टाका. विंडोजची जुनी डिस्क तशीच्या तशी, न पुसता कपाटात ठेवा. काही जमलं नाही तर चार स्क्रू काढून परत लावली की सगळं पूर्वीसारखं. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवण्याच्या भानगडी यात उरतच नाहीत. शिवाय यंत्राचा वेग जो वाढतो तो लिनक्सपेक्षाही एसएसडीमुळे वाढतो, हे स्पष्ट सांगायला हवं.

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं दिसेल. जाण्याआधी लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून घ्या. जुन्या लॅपटॉपला बहुधा अडीच इंची साटा एसएसडी लागते, नंतरच्यांना एम.२ ची पट्टी लागते. रॅम वाढवायची असेल तर जुनी पट्टी काढून सोबतच न्या, कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि डीडीआर३एल मागणाऱ्या लॅपटॉपला साधी डीडीआर३ चालेलच असं नाही. बिल आणि वॉरंटी मागून घ्या. जुनी डिस्क दुकानात सोडू नका. तिच्यात तुमचं घर आहे: आधार, पॅन, फोटो, सगळं. तिथेच एक यूएसबी केसिंग घ्या. त्यात ही डिस्क घातली की जुन्या फाइली लिनक्समधून सरळ वाचता येतात. बिटलॉकर लावलेला असेल तर ती लिहून ठेवलेली की इथेही लागेल.

४. कोणतं लिनक्स घ्यावं

यावर लोक महिनोन्‌महिने वाद घालतात. नवख्याने वाद बाजूला ठेवून लिनक्स मिंट घ्यावं. मिंटची २२ मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे पडद्यावर तुम्हाला जे दिसतं ते सगळं: खालची पट्टी, मेन्यू, खिडक्या, सेटिंग. लिनक्समध्ये हा थर वेगळा असतो आणि बदलता येतो. केडीई, एक्सएफसीई, ग्नोम ही अशाच थरांची नावं. सिनॅमन हे मिंटवाल्यांनी स्वतः घडवलं. विंडोजवरून आलेल्या माणसाला त्यात पहिल्या मिनिटाला मेन्यू सापडतो, म्हणून ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन घ्या. त्याहून कमी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. प्रत्येक गोष्ट स्वतःच्या मनासारखी वळवायची हौस असेल तर केडीई प्लाझ्मा अप्रतिम आहे. पण त्याच्या सेटिंगच्या जंगलात पहिल्याच महिन्यात शिरू नका.

५. पेन ड्राइव्ह तयार करा

हे काम विंडोजची जुनी डिस्क काढण्याआधीच करा. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे मिंट बसवण्याची फाइल उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते. सोबत दिलेला एसएचए-२५६ आकडाही जपून ठेवा. विंडोजमध्ये रूफस हे छोटं सॉफ्टवेअर उघडा आणि फाइल निवडा. शेजारच्या बरोबरच्या खुणेवर टिचकी मारली की रूफस तोच आकडा मोजून दाखवतं. साइटवरचा आणि हा जुळायलाच हवा. नाही जुळला तर फाइल पुन्हा उतरवा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे बसवणं मध्येच अडतं आणि लोक बिचाऱ्या लॅपटॉपला दोष देतात. आकडा जुळला की स्टार्ट दाबा, आयएसओ मोडच निवडा.

६. न बसवता चालवून पाहा

पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करा आणि बूट मेन्यूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२, पण तो मेन्यू अनेकदा बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आधी चालू करावा लागतो. लेनोवोच्या काही आयडियापॅडना बाजूला बारीक छिद्रातलं नोवो बटण असतं, तिथे सिमकार्डची पिन उपयोगी पडते.

आता मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालेल, डिस्कला हातही लागणार नाही. घाई न करता अर्धा तास तपासा: वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, उजेड कमीजास्त करायच्या कळा, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, प्रिंटर दिसतो का. एक मराठी वर्तमानपत्र उघडून वाचून पाहा. पेन ड्राइव्हवरून सगळं हळू चालतं, त्यामुळे वेगाचा निष्कर्ष इथे काढू नका.

७. बसवणं

हा भाग लोकांना वाटतो तितका अवघड नाही. डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर दोनदा टिचकी मारा आणि विचारेल ते सांगत जा. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा. गावाचं नाव विचारताना मुंबई दिसली नाही तर कोलकाता निवडा. भारतीय वेळ तीच आहे.

इथले सापळे मात्र नीट वाचा.

कीबोर्ड विचारेल तेव्हा इंग्रजीच निवडा. इथे उत्साहाने मराठी निवडलंत तर पासवर्ड देवनागरीत टाइप होऊ शकतो, आणि मग लॉगिनच्या पडद्यावर तुम्ही बरोबर पासवर्ड देत राहता आणि यंत्र तो नाकारत राहतं. मराठी नंतर जोडायचं आहे.

‘इरेज डिस्क’ म्हणजे त्या डिस्कवरचं सगळं जाणार. नवी एसएसडी असेल तर बिनधास्त निवडा. जुन्याच डिस्कवर विंडोजशेजारी टाकत असाल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकर थांबवा आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा. मग इथे ‘अलाँगसाइड’चा पर्याय घ्या.

बसवताना डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये ती इंटेल आरएसटी किंवा रेड पद्धतीवर लावलेली असते. ती एएचसीआयवर न्यावी लागते. नव्या डिस्कवर हे निर्धोक आहे. जुन्या डिस्कवर विंडोज असताना असं केलंत तर विंडोज उघडणं बंद होऊ शकतं.

सिक्युअर बूट चालू असेल तर मध्ये एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. तो बिघाड नाही. ‘एनरोल एमओके’ निवडा, ठरवलेला पासवर्ड द्या, झालं.

लॅपटॉप घेऊन रोज लोकलने जात असाल तर ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’मधून डिस्क एन्क्रिप्ट करा. चोरी झाली तरी फाइली कोणाला वाचता येणार नाहीत. तो पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही वाचता येणार नाहीत, म्हणून तो घरी कागदावर लिहून ठेवा.

८. पहिल्याच दिवशी तीन कामं

अपडेट मॅनेजर उघडा. तो जवळचा मिरर, म्हणजे अपडेट जिथून उतरतात तो सर्व्हर निवडायचं सुचवेल. भारतातला निवडा, उतरवण्याचा वेग बराच वाढतो. मग सगळे अपडेट घ्या.

ड्रायव्हर मॅनेजर उघडा. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड किंवा ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर लावा.

टाइमशिफ्ट उघडा आणि पहिला स्नॅपशॉट, म्हणजे यंत्रणेची त्या क्षणाची प्रत घ्या. पुढे सजावट करताना काही बिघडलं तर याच क्षणाला परत येता येतं. पण टाइमशिफ्ट तुमच्या फाइली सांभाळत नाही, फक्त यंत्रणा सांभाळतं. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यायची.

दोन्ही यंत्रणा एकाच लॅपटॉपवर असतील तर विंडोजचं घड्याळ कधीकधी साडेपाच तास मागे पडलेलं दिसतं. लिनक्स आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ समजतं, म्हणून नेमका साडेपाच तासांचाच फरक पडतो. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की वेळ सुधारते.

९. मराठी कळफलक

सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स. अधिकचं चिन्ह दाबा आणि यादीत मराठी शोधा. दोन मुख्य पर्याय दिसतील: एनहान्स्ड इनस्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणे चालणारा कगप फोनेटिक. वेगळं काहीही उतरवावं लागत नाही.

टायपिंग नव्याने शिकणार असाल तर इनस्क्रिप्टच शिका, असं माझं मत आहे. १९९१ च्या भारतीय मानकातला हा कळफलक भारतीय लिप्यांना सारखाच लागू आहे. डाव्या हाताला मुख्यतः स्वर, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजनं. ‘क’साठी के, ‘त’साठी एल, कान्यासाठी ई, पाय मोडायला डी. पहिले काही दिवस हात अडखळतात, मग बोटं आपोआप जातात. आपला खास ‘ऱ्या’ही यात सरळ येतो: शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, मग ई. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कैऱ्या’ असे शब्द लिहून बघा. फोनेटिकवाले नेमके इथेच अडतात आणि ‘दुसर्‍या’च्या जागी ‘दुसर्या’ लिहून मोकळे होतात.

ज्यांचा हात गमभन या इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या पद्धतीवर बसलाय त्यांनी नवं शिकायची गरज नाही. सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरमधून आयबस-एम१७एन घ्या, ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडा आणि एकदा लॉगआउट करून परत या. मराठीच्या यादीत गमभन, आयट्रान्स, फोनेटिक असे पर्याय दिसतील.

आता तीन छोट्या गोष्टी. त्या केल्या की कळफलक हातात बसतो.

लेआउटच्या यादीत इंग्रजी सगळ्यात वर ठेवा, म्हणजे पासवर्डच्या वेळी तोच असेल. साध्या अमेरिकन इंग्रजीऐवजी ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ घेतलात तर उजवा अल्ट आणि ४ दाबल्यावर ₹ येतो. बिलं, पावत्या, सोसायटीचे हिशेब करणाऱ्यांना हे फार उपयोगी आहे. मात्र मग पट्टीवर दोन्ही कळफलकांसाठी तिरंगाच दिसतो आणि आत्ता कोणता चालू आहे ते कळत नाही. सेटिंगमध्ये झेंड्याऐवजी नाव दाखवायला सांगा.

‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन कळफलक बदलायची कळजोडी ठरवा. मी अल्ट-शिफ्ट वापरते.

प्रत्येक खिडकीला वेगळा कळफलक ठेवायची खूण करा. एका खिडकीत मराठी पत्र, दुसरीत इंग्रजी मेल असं काम असेल तर सारखं बदलावं लागत नाही.

१०. मराठी अक्षरं नीट दिसू द्या

माझ्या दृष्टीने डेस्कटॉपची खरी सुरुवात इथून होते. मिंटचा मूळ फाँट इंग्रजीला सुरेख आहे, पण त्यात देवनागरी नाही. मग यंत्र देवनागरीसाठी दुसराच कुठला तरी फाँट उचलतं आणि एकाच ओळीत इंग्रजी मोठं, मराठी बारीक अशी जोडी दिसते. अनुस्वार आणि रफार सगळ्यात आधी पुसट होतात.

उपाय सोपा आहे. दोन्ही लिप्या एकाच घडणीत असलेला फाँट घ्या. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने घडवलेला मुक्त फाँट ‘मुक्ता’ गूगल फाँट्सवर मोफत आहे. फाइल उतरवा, उघडा, प्रत्येक वजनावर दोनदा टिचकी मारून ‘इन्स्टॉल’ दाबा. मग सिस्टिम सेटिंग्ज, फाँट सिलेक्शन: डीफॉल्ट, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट तिन्हींना मुक्ता द्या, आकार ११. मोनोस्पेस आहे तोच राहू द्या.

त्याच पानावर खाली ‘टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर’ असतो. १.१ किंवा १.२ करून बघा. जुन्या लॅपटॉपवर संपूर्ण पडदा मोठा करण्यापेक्षा फक्त अक्षरं मोठी करणं हलकं पडतं. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी यंत्र लावत असाल तर हे सेटिंग त्यांना शेजारी बसवून, त्यांना विचारतच ठरवा.

छपाईच्या कामाला आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आणि राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हे दोन मुक्त फाँट जरूर घ्या. शोभिकात संस्कृतची अवघड जोडाक्षरंही व्यवस्थित बसतात.

लिबरऑफिसमध्ये एक सेटिंग जवळजवळ सगळ्यांकडून राहून जातं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा आणि त्याची भाषा मराठी निवडा, हिंदी नाही. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातले मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ अनेक फाँटमध्ये दडलेले असतात. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही रूपं आहेत. मजकुराची भाषा मराठी आहे हे कळलं की तो आपली रूपं दाखवतो. आणि फाँट बदलताना लक्षात ठेवा: लिबरऑफिस इंग्रजीचा आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळा धरतं. ‘कॅरॅक्टर’च्या खिडकीत दोन्ही जागी निवडा.

आता जुन्या फाइली. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमधल्या नोटिसा आणि इतिवृत्तं उघडलीत तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल खराब झालेली नाही. त्या काळी देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची, त्यामुळे तो फाँट नसेल तर मागची इंग्रजी अक्षरंच उघडी पडतात. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर डोळ्यांखालून घालावाच लागतो. जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास इकडेतिकडे होतात. हे काम विंडोज हाताशी असतानाच उरकलेलं बरं. ज्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांची इतिवृत्तं आहेत अशा संस्थांनी तर लिनक्स आणो वा न आणो, हे करायलाच हवं.

दादर-गिरगावातल्या छपाईवाल्यांकडे पत्रिका किंवा अंक द्यायचा असेल तर पीडीएफ करून द्या. लिबरऑफिसची पीडीएफ फाँट आत घेऊनच बनते, त्यामुळे समोरच्याकडे मुक्ता नसला तरी बिघडत नाही.

संपूर्ण यंत्रणाच मराठीत करायची असेल तर ‘लँग्वेजेस’मधून मराठी, इंडिया जोडता येतं. भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही, त्यामुळे मेन्यू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी दिसतात. भाषा बदलल्यावर फोल्डरांची नावंही बदलू का, असं विचारलं तर ‘जुनीच ठेवा’ म्हणा.

११. आता सजावट

इथवर आलात की डेस्कटॉप तुमच्या हाताला वळवायला मोकळे. क्रम असा ठेवा.

पट्टी. पट्टीवर उजवी टिचकी, पॅनेल सेटिंग्ज. जाडी कमीजास्त करा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असतो: आडवा भरपूर, उभा तोकडा. लिहिण्याचं काम जास्त असेल तर पट्टी डावीकडे उभी लावून पाहा, पानाच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात. रोजची चार-पाच सॉफ्टवेअर पट्टीवर पिन करा, बाकी काढा.

कळा. विंडोजची कळ मेन्यू उघडते. तीच कळ आणि बाण दाबला की खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते. कंट्रोल-अल्ट आणि डावा-उजवा बाण वर्कस्पेस बदलतो. वर्कस्पेस, म्हणजे खिडक्यांसाठी वेगळा पडदा, ही विंडोजवरून आलेल्यांनी सहसा न वापरलेली, पण फार कामाची सोय आहे. एकावर ऑफिसचं काम, दुसऱ्यावर घरचं.

रंग आणि चिन्हं. ‘थीम्स’मध्ये मिंट-वाय चा उजळ किंवा गडद प्रकार आणि आवडता रंग निवडा. फोल्डरांची चिन्हं बदलायची असतील तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पॅपिरस घ्या. माझ्या पाहण्यातली ती सगळ्यात स्वच्छ आहेत. रात्री काम करणाऱ्यांनी नाइट लाइट चालू करावा, पडदा पिवळसर होतो.

ॲपलेट, डेस्कलेट, एक्स्टेन्शन. या पट्टीवर, डेस्कटॉपवर आणि सिनॅमनमध्ये जोडायच्या छोट्या सोयी. हे तिन्ही सेटिंग्जमधूनच उतरवता येतात. एका वेळी एकच लावा, दोन दिवस वापरा, मग दुसरं. एकदम दहा लावले आणि डेस्कटॉप अडखळायला लागला तर दोषी कोण ते सापडत नाही. यंत्र जुनं असेल तर ‘इफेक्ट्स’ बंद करा, खिडक्या लगेच उघडतात.

सगळ्यात मोठा सापळा बाहेर आहे. ‘ही एक ओळ टर्मिनलमध्ये टाका, डेस्कटॉप मॅकसारखा होईल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अनोळखी जागेवरून आलेली आणि तुमचा पासवर्ड मागणारी आज्ञा कधीही चालवू नका. पासवर्ड दिलात की त्या आज्ञेला यंत्रावर पूर्ण अधिकार मिळतो.

१२. बिघडलं तर

पडदा गोठला तर कंट्रोल-अल्ट-एस्केप दाबा. सिनॅमन पुन्हा सुरू होतं, उघड्या फाइली शाबूत राहतात. पट्टी विस्कटली तर तिच्यावर उजवी टिचकी, ट्रबलशूट, आणि तिथून सगळी सेटिंग मूळ स्थितीला नेण्याचा पर्याय. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, फक्त सजावट जाते. त्यानेही भागलं नाही तर टाइमशिफ्ट. आणि लॉगिनच झालं नाही, तर तो पेन ड्राइव्ह पुसला नसेल ना? त्यावरून मिंट चालवा, तिथूनच टाइमशिफ्ट उघडा आणि जुना स्नॅपशॉट परत आणा. म्हणून पेन ड्राइव्ह किमान महिनाभर तसाच ठेवा.

१३. शिकायला आणि पुढे चालू ठेवायला

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिबरऑफिस, लिनक्स, गिम्प, इंकस्केप अशा विषयांवर छोटे धडे मोफत देतो आणि त्यातले पुष्कळ धडे मराठीत ऐकता येतात. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर अशा पद्धतीने बसा. वर सांगितलेली विंडोज कळ आणि बाणाची जोडी इथे लगेच उपयोगी येते.

अपडेट मॅनेजरची ढाल पट्टीवर दिसत राहील; आठवड्यातून एकदा तिच्याकडे बघा. मिंटची नवी मोठी आवृत्ती आली म्हणून त्याच दिवशी चढवू नका, २२ मालिकेला २०२९ पर्यंत वेळ आहे. चढवाल तेव्हा आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्या, फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बाहेरून आणलेली एक्स्टेन्शन बंद करा, कारण सिनॅमन बदललं की सगळ्यात आधी तीच अडतात.